झुमाताय आणि दुंब्याच्या चरबीचा तुकडा

शू गावच्या वाचनालयात आरोग्याच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. म्हणजे कपाट वाचनालयात आहे, पुस्तकं बहुतेक वेळ झुमातायच्या घरी असतात.

झुमाताय रेल्वेतला. एकतीस वर्षं त्याने लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाड्यांच्या चाकांवर ठोके मारले. चाक धड असेल तर आवाज खणखणीत, तडा गेला असेल तर बद्द. त्याच्या कानातून एकही तडा सुटला नाही, असं स्टेशनातले लोक अजून सांगतात. झुमातायही सांगतो, कोणी विचारलेलं नसतानाही. निवृत्तीच्या दिवशी हातोडा जमा झाला आणि माणूस रिकामा झाला. रिकाम्या हाताला आधी यकृतावरचं पुस्तक लागलं, मग हृदयावरचं, मग झोपेवरचं, मग मनावरची एकदम तीन. तेव्हापासून त्याच्या गल्लीत धडधाकट असा कोणी उरला नाही.

आमच्याकडे रस्त्यात माणूस भेटला की तब्येत बरी ना, बायकामुलं बरी ना, गुरंढोरं बरी ना, असं एका दमात विचारायचं आणि समोरच्याने ‘बरी, बरी’ म्हणून चालू पडायचं, ही रीत. झुमाताय चालू पडू देत नसे.

“बरी म्हणजे कशी? जिना चढताना धाप लागते?”

“अरे, माझ्या घराला जिनाच नाही!”

“तेच तर. मग कळणार कसं?”

शेजारचा सेरिकबाय त्याला लांबून पाहिलं की हातातला सामोसा कोटाच्या खिशात टाकायचा. त्याच्या कोटाला कायम कांद्या-मटणाचा वास यायचा तो त्यामुळेच. जेवणावळीत मात्र झुमातायशेजारची जागा पटकवायला लोक धडपडत, कारण त्याच्या ताटातली चरबी गुपचूप शेजाऱ्याच्या ताटात जायची. सहा वर्षांत त्याने चरबीला बोट लावलं नव्हतं.

या सगळ्याचा खरा मार खाल्ला तो त्याच्या बायकोने, कामशातने. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई, तिच्या हातच्या बउरसाकांसाठी, म्हणजे तळलेल्या फुगीर पावांसाठी, लोक वाकडी वाट करून येत. तिच्या घरात मिठाचा डबा कुलपात गेला. मनावरची पुस्तकं आल्यावर तर आणखीनच पंचाईत झाली. तिने आदळआपट सुरू केली की झुमाताय समोर येऊन बसायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि मऊ आवाजात म्हणायचा, “कामशात, मला जाणवतंय की तू रागावली आहेस.”

“तुम्हाला जाणवतंय होय? अहो, मला वाटलं फक्त स्टेशनपर्यंतच ऐकू गेलं!”

“राग दाबू नये, असं पुस्तकात लिहिलंय.”

“मी कुठे दाबतेय?”

असं सुखात चाललं होतं. त्यात त्यांचा मुलगा नुरकेन एक दिवस म्हणाला, मला मोल्दिरशी लग्न करायचंय. मोल्दिर दवाखान्यात परिचारिका, वडील बायझान घोडे पाळणारा, डोंगराकडच्या गावचा तालेवार माणूस. मुलगी गुणाची. झुमातायला ती इतकी आवडली की पहिल्याच भेटीत त्याने तिला स्वादुपिंडावर चार प्रश्न विचारले, आणि चारांची उत्तरं बरोबर आली तेव्हा पोराच्या पाठीत धपाटा घातला.

अडचण दुसरीच होती. सोयरीक पक्की व्हायची तर मुलीच्या घरी दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याची, शेपटीतली चरबी आणि कलेजी एकत्र खावी लागते. मुलीकडची वडीलधारी बाई ती आपल्या हाताने व्याह्याच्या तोंडात घालते. खाल्ली की नातं जुळलं, मग ते मोडायची कोणाची छाती नाही. नाही खाल्ली तर लग्न नाही. यात मधलं काही नसतं.

“एक तुकडा,” कामशात म्हणाली. “पोरासाठी एकच तुकडा, अहो. मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.”

“गेल्या महिन्यात चहाचा समोवार मागितलास तेव्हाही हेच म्हणालीस.”

“समोवार राहू द्या. तुकडा खा.”

“काळजी करू नकोस,” झुमाताय म्हणाला आणि हसला. त्याचं ते हसू पाहून कामशातने पुस्तकांच्या ढिगाकडे पाहिलं. नको ते प्रेमाने कसं नाकारावं, यावर एका पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. आधी आभार मानायचे, मग आपल्या मनातलं सांगायचं, मग हसतमुखाने नाही म्हणायचं. समोरचा दुखावत नाही, उलट आदर वाढतो. झुमातायने आठवडाभर आरशासमोर सराव केला.

बुधवारी सगळे बायझानच्या घरी पोचले. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर तीळ ठेवायला जागा नव्हती. बायझान दाराएवढा रुंद माणूस. “या व्याही, या! वर बसा, अजून वर!” म्हणत त्याने झुमातायला बैठकीच्या मानाच्या जागी नेऊन बसवलं. शेजारच्या खोलीत पडद्यामागे मोल्दिर आणि तिच्या मैत्रिणी. इकडे नुरकेन गुडघे आवळून बसलेला.

थाळी आली. बायझानच्या आईने, उल्मेकेन आजींनी, बाह्या सारल्या. वय त्र्याऐंशी, पण हात घोडीचं दूध काढणारे. कलेजीचा काप, त्यावर पांढरीशुभ्र चरबी, दोन्ही चिमटीत धरून त्या झुमातायसमोर आल्या. “बिस्मिल्ला,” म्हणाल्या. “तोंड उघडा, व्याहीबुवा.”

झुमातायने हात छातीवर ठेवला.

“आजी, तुमचे मनापासून आभार,” तो म्हणाला. “तुम्ही इतक्या प्रेमाने देता आहात, हे मला जाणवतंय. पण हे माझ्यासाठी योग्य नाही, असं मला वाटतं. म्हणून मी प्रेमाने नाही म्हणतो.” आणि आरशासमोर हसायचा तसा हसला.

आजींचा हात तसाच हवेत राहिला, चरबीचा एक थेंब दस्तरखानावर पडला. पडद्यामागची खुसफुस थांबली. त्या घराच्या कानांनी ऐकलं ते इतकंच, की तुमची मुलगी आम्हाला नको. कामशातने डोळे मिटून घेतले.

बायझानचा चेहरा उतरला. मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला. “माझ्या लेकीत काय खोट दिसली तुम्हाला?”

“खोट? छे छे! मोल्दिर तर हिरा आहे! हे चरबीबद्दल आहे!” झुमाताय घाईघाईने म्हणाला. “त्यात काय असतं सांगू का, रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला...” आणि तो हाताने रक्तवाहिनी काढून दाखवू लागला. ती कशी चोंदते तेही दाखवलं. दाखवू नये ते सगळं दाखवलं. बायझान उठून उभा राहिला.

“बाबा, पुरे,” नुरकेन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “एकदा तरी पुस्तक बाजूला ठेवा.”

तेव्हा झुमातायने रक्तवाहिनी काढणारा हात खाली घेतला. पोराला लहानपणी पडल्या-झडल्यावर रडताना त्याने पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. पुढे काय बोलावं हे कुठल्याच प्रकरणात नव्हतं.

“बायझान, बस खाली,” आजी म्हणाल्या. हात त्यांनी अजून खाली घेतला नव्हता. त्यांनी झुमातायकडे निरखून पाहिलं. “तुला भीती कसली वाटते रे, पोरा?”

पोरा म्हटल्यावर त्याचा बांध फुटला. सहा वर्षांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. लोक हसले, सामोसे लपवले, कामशात भांडली. पुस्तकांनी तर फक्त सांगितलं, विचारलं काही नाही.

“माझे वडील जेवता जेवता गेले,” तो म्हणाला. “थोरला भाऊही तसाच. दोघांनाही तेव्हा एकसष्टावं लागलं होतं. मला येत्या वसंतात एकसष्टावं लागतंय, आजी. मला नातवंडं मांडीवर घ्यायची आहेत. मला मरायचं नाही.”

कामशातने डोळे उघडले. चाळीस वर्षांच्या संसारात तिला दीर आणि सासरे कसे गेले हे माहीत होतं. नवरा वर्षं मोजतोय, हे माहीत नव्हतं.

“डॉक्टर काय म्हणाले?” आजींनी विचारलं.

झुमाताय दस्तरखानाची सुरकुती सरळ करू लागला.

“काय म्हणाले?”

“गेलो नाही.”

“सहा वर्षांत?”

“पुस्तकात सगळं असतं,” तो पुटपुटला. मग त्यालाच ते पटेना. “त्यांना माझ्यात काही सापडलं तर? मला तेच ऐकायचं नाही.”

पडद्यामागून मोल्दिरच्या हुंदक्याचा आवाज आला. ती रडतेय की हसतेय, कळायला मार्ग नव्हता. बायझान खाली बसला, आणि बसता बसता त्याचा जाडजूड हात झुमातायच्या खांद्यावर पडला.

“तर मग ऐका सगळ्यांनी,” आजी म्हणाल्या. “मुलीसाठी आम्ही तुमच्याकडून दोन घोड्या घेणार असं ठरलं होतं. घोड्या ठेवा तुमच्याकडे. आमच्या पोरीचं देणं हे, की हा माणूस डॉक्टरसमोर शर्ट काढून बसेल. मी स्वतः बरोबर येईन. माझं वय बघून रांगेत मला कोणी अडवत नाही.”

“आई, दोन घोड्या...” बायझान म्हणाला.

“तू गप.” आजींनी सुरी उचलली. चिमटीतल्या चरबीचा मोठा भाग कापून त्यांनी बायझानच्या तोंडात कोंबला, म्हणजे त्याचंही बोलणं थांबलं. कलेजीवर नखाएवढी चरबी उरली. “एवढीने कोणी मरत नाही. मेलास तर दोन नाही, चार घोड्या घेईन. पुढच्या आठवड्यात जाऊ.”

“पुढच्या आठवड्यात नाही,” कामशात म्हणाली. तिने नवऱ्याचा हात धरला होता. “उद्या. उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात असू.”

झुमातायने तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि आजींच्या चिमटीसमोर तोंड उघडलं.