डोळ्यातलं फूल

मळणीच्या वेळी थ्रेशरसमोर धानाचं कुसळ उडालं आणि माझ्या उजव्या डोळ्यात शिरलं. मी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खसाखसा चोळलं आणि जखम वाढवून घेतली. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "बुबुळाला इजा झाली आहे. थेंब नेमानं घाला. फूल पडलं नाही, तर नजर वाचेल."

फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, हे आमच्या आसगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरी येताच बायकोनं तो शब्दच बंद केला. देवाला वाहायचा तो नुसता झेंडू. फुलकोबीसुद्धा नुसती कोबी झाली. शेजारीण सकाळी दारात येऊन "पूजेले फुलं देता काय जी?" म्हणाली, तर हिनं तिला अशी झापली की ती बिचारी पुन्हा फिरकली नाही.

माझा मात्र दिवसभर एकच धंदा. चांगला डोळा तळहातानं झाकायचा आणि दुखऱ्या डोळ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहायचं. आकडे पुसट दिसले की हात काढायचा. मग पुन्हा झाकायचं. घास गिळवत नव्हता, दिसेल त्याच्यावर खेकसत होतो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"तपासून तपासून डोरा बरा होते काय?" एका संध्याकाळी बायको चिडली. "उठा. बांधीत चला."

उभ्या धानात पेरलेली लाखोळीची डाळ आता कापणीनंतर बांधीभर, सगळ्या धानाच्या शेतात फुलली होती. निळी, जांभळट, बारीक बारीक. तिनं मला बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसवलं. "झाकाचं नाही. नुसतं पाहाचं."

पहिल्या दिवशी रागच आला. माझा डोळा चालला आणि ही मला शेत दाखवते! पण वारा आला की ते सगळं निळं हलायचं, आणि पाहता पाहता माझा हात मांडीवरच पडून राहायचा. मग रोज जाऊ लागलो. तेवढा वेळ छाती मोकळी व्हायची. घरी कॅलेंडर होतंच.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तीच म्हणाली, "झाका आता."

मी चांगला डोळा झाकला. आधी नुसतं धुकं. मग पायाजवळच्या वेलीवर काहीतरी हललं, थांबलं, आणि हळूहळू त्याच्या पाकळ्या दिसल्या.

"काय दिसून राह्यलं?"

जीभ अडखळली. "फूल," मी म्हणालो.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "पांढरं?"

"नाही," मी म्हणालो. "निळं."