अण्णांच्या दुकानाला पुरेल अशी लेन्स

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या माणसाकडे फोटो कमी आणि किस्सेच जास्त जमतात. कारण फोटो काढायच्या आधी लेन्स मिळवावी लागते, आणि लेन्स मिळवायची म्हणजे आधी अख्ख्या जगावर संशय घ्यावा लागतो!

आमचा तिघांचा कंपू. मी पुण्याचा, वैदेही नागपूरची, दोघंही आयटीत, दोघांकडेही जुने फिल्म कॅमेरे. तिसरे श्रीनिवास अण्णा. घराणं कैक पिढ्या बेंगळुरातलं, जयनगरात टेलरिंगचं दुकान. त्यांच्याकडे वडिलांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता. दुकानाची जागा महिनाअखेर सोडायची होती आणि त्याआधी अण्णांना त्याच कॅमेऱ्यानं दुकानाचा एक फोटो हवा होता, अख्ख्या दुकानाचा. वडिलांच्या लेन्समध्ये अर्धंच मावायचं.

"आणखी मागे सरकलो की बसखाली!" अण्णा म्हणायचे. म्हणून वाइड लेन्स हवी, आणि तीही परवडणारी.

"मोबाइलवर काढा की," असं मी एकदा बोलून गेलो. आठवडाभर अण्णा माझ्याकडेही संशयानं बघत होते.

*

जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, एकदम मिंट कंडिशन, नवीकोरी!"

अण्णांनी मोबाइलचा टॉर्च लेन्समध्ये मारला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली.

"हे काय?"

"फंगस आहे सर," दुकानदार शांतपणे म्हणाला, "पण ओरिजिनल आहे!"

*

मग ऑनलाइन. बेंगळुराजवळच्या होसकोट्याचा एक विक्रेता सापडला. लेन्स चकचकीत, किंमत निम्मी. वैदेही फोटो मोठा करकरून बघत बसली.

"हा फुलांचा टेबलक्लॉथ मी ओळखते. मागच्या आठवड्यात हीच लेन्स, हाच टेबलक्लॉथ, पण माणूस कोलकात्याचा होता."

तिनं विक्रेत्याला तसं विचारलं. लगेच उत्तर आलं, "मॅडम, ट्रान्सफर हो गया!"

*

वाइड लेन्स खरं तर आम्हा दोघांनाही हवी होती, आणि आमच्यात एक अलिखित नियम होता. लेन्सचा पत्ता लागला की हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दोस्ती आपल्या जागी, लेन्स आपल्या जागी!

एका रविवारी मी ग्रुपवर "ताप आहे" असं टाकलं आणि हेब्बाळला एका रिटायर्ड इंजिनिअरकडे रशियन पस्तीस एमएमची वाइड लेन्स बघायला निघालो. लिफ्टमध्ये वैदेही! तिनं ग्रुपवर टाकलं होतं, आई नागपूरहून आलीय म्हणून घरीच आहे. दोघांचीही बोटं एकदमच चौथ्या मजल्याच्या बटणाकडे गेली. बेल वाजवली. आत सोफ्यावर अण्णा कॉफी पीत बसलेले!

"या, बसा," अण्णा म्हणाले. "ताप स्वल्प उतरला का?"

लाज वाटली. ज्याला खरी गरज होती त्याच्याच लेन्सवर टपलो होतो आम्ही. दोघंही मुकाट्यानं मागे हटलो.

पण आता इंजिनिअरसाहेबांनाच संशय आला. एका लेन्समागे तीन माणसं? त्यांनी आमची तिघांची आधार कार्डं बघितली, अण्णांकडून लेन्स कॅमेऱ्यावर दोनदा फिरवून बसवून घेतली आणि मगच लेन्स दिली.

*

पहिला रोल धुऊन आला तो कोरा. एक फोटो नाही!

"लॅबवाल्यानं रोल बदलला," अण्णांनी निकाल दिला.

"अण्णा," वैदेही हळूच म्हणाली, "लेन्सचं टोपण काढलं होतं ना?"

रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. टोपण तसंच राहिलं तरी डोळ्याला सगळं छान दिसतं. अण्णांनी टोपण एकदा काढून, एकदा लावून बघितलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण लॅबवाला माणूस बरोबर नाही."

दुकान सोडायला तेव्हा एकच दिवस उरला होता.

*

त्या शेवटच्या दिवशी दोघे जुने कारागीर आणि अण्णांच्या पत्नी शारदाक्का दुकानात ओळीनं उभे राहिले. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीही उभे राहा. मी काढतो."

"कॅमेरा? तुमच्या हातात?" अण्णांनी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे घेतले आणि फुटपाथच्या कडेला जाऊन स्वतःच क्लिक केलं.

फोटो चार दिवसांनी हातात आला, तोवर दुकानाला दुसऱ्याचं कुलूप होतं. या खेपेला सगळं आलं होतं. मशिनी, कापडांची फळी, देवांचे फोटो, कारागीर, शारदाक्का. मी मात्र फोटोत अण्णांना शोधत राहिलो. एवढी वर्षं दुकान ज्यांनी चालवलं ते अण्णाच फोटोत नव्हते. वैदेहीच्याही ते लक्षात आलं असावं.

शारदाक्कांनी चष्मा लावून फोटो जवळ धरला आणि मागच्या भिंतीवरच्या आरशावर बोट ठेवलं. आरशात एक माणूस होता. डोळ्याला कॅमेरा लावलेला, त्यामुळे चेहरा झाकलेला.

अण्णा वाकून बघू लागले. "हा कोण मध्येच घुसला?"

"गळ्यात टेप आहे," शारदाक्का म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच."