रुपीच्या हातातली उलटी गाठ

अंगात येणं, बाहेरचं लागणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. सातवीतनं शाळा सुटली, पण एवढी अक्कल होती. तुम्ही हसलात तरी राग नाही. मीही हसलो असतो.

आम्ही धारूरकडचे. त्या साली दुष्काळ, गावात टँकरचं पाणी. म्हणून पोरीलाही संगं घेऊन ऊसतोडीला पार कोल्हापूरकडं आलतो. अन् इथं फडाशेजारच्या शेततळ्यात रुपी बुडाली. सहा वर्षांची. बाहेर काढली तेव्हा छाती गप्प. दवाखान्यातल्या लोकांनी दाबून-दाबून ती चालू केली... त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

"हृदय सुरू झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नाही. तपासण्या चांगल्या नाहीत. तरी लहान मुलांचं इतक्या लवकर पक्कं सांगता येत नाही."

"आमाला वळखंल का, मॅडम?"

"माहीत असतं तर सांगितलं असतं हो."

मग नुसतं बसून राहणं. ऊस तोडून माणूस असा थकत नाही.

तोंडातली श्वासाची नळी ओढू नये म्हणून तिचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. एका दुपारी अंग पुसायला नर्सनं पट्ट्या सोडल्या... आणि रुपीची बोटं हलली. डाव्या हातानं पट्टीला पीळ दिला, टोक खालनं आत खुपसलं.

"झटके असतील," नर्स म्हणाली.

माझी बायको किंचाळली, "आवं, ही तर आक्काची गाठ हाय!"

कमलआक्का माझी थोरली बहीण, डावखुरी. उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांना, वाढ्यांना, पीळ देऊन आम्ही मोळी बांधतो. तिचा पीळ उलटा बसायचा. मुकादम वैतागायचा, "कमळे, तुझ्या मोळ्या सोडायला तुलाच गाडीत घालून कारखान्यावर धाडू का?" रुपी जन्मायच्या आधीच आक्का गेली. रुपी उजव्या हाताची. मोळी तिनं कधी बांधलीच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी गाठ बघितली. "कुणाची ते मला कळत नाही. हात ठरवून हलतोय, मला एवढं पुष्कळ आहे."

रुपी आज चालते. पाय जरा ओढते, सावकाश बोलते. आम्हाला ओळखते. त्या गाठीचं काय, ते मला अजून उमगलेलं नाही... परवा मुद्दाम तिच्या हातात वाढं दिलं. म्हणलं, बांध बरं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"बाबा, हेचं काय करायचं असतंय?"