लेफ्ट आऊटची तीन दिवसांची सुट्टी

चार आणे! तेही बसायला काय, तर जमीन. निजामाच्या अमलातल्या शेवटच्या काही वर्षांत लातूरला फुटबॉलच्या टूर्नामेंटी व्हायच्या आणि फेरीगणिक तिकीट चढायचं. पहिल्या फेरीला हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यातला, एक आणा, पुढं दोन, फायनलला चार. मैदानाला कनाती लावलेल्या, म्हणजे फुकट्यांना आतलं दिसू नये. खुर्च्या अंमलदारांना आणि गंजातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, बड्या अडत्यांना, त्या मात्र बिनपैशाच्या. ज्याला परवडतं त्याला फुकट आणि ज्याला परवडत नाही त्याला तिकीट, हा न्याय मला तेव्हाही कळला नाही. आता ऐंशी उलटल्यावर काय कळायचा?

मी गंजात एका अडतीवर मापाडी होतो. पोतं काट्यावर लागलं की वजन बघायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, एवढंच काम. त्यामुळं आवाज मोठा होता, आणि मोठ्या आवाजाच्या माणसाला आपलं म्हणणं खरंच आहे असं वाटायला लागतं. संध्याकाळी मैदानाजवळच्या हॉटेलात आम्हा पाच-सहा जणांची बैठक असायची. कुणी मुनीम, कुणी कारकून, सगळे गंजातलेच. चहा एक आणि शहाणपण दहा.

त्या वर्षी आमच्या गावची टीम सेमीफायनलला बरोबरीत अडकली. बरोबरी झाली की दुसऱ्या दिवशी तोच सामना नव्यानं, आणि तिकीटही नव्यानं. दुसऱ्या दिवशी आम्ही कसेबसे जिंकलो, पण दोनदा पैसे गेल्यानं बैठकीत आग पेटलेली.

"कमिटीनंच बरोबरी करायला लावली," एक कारकून म्हणाला. "पुन्हा गल्ला भरायचा डाव हाय सगळा."

"कमिटी कशाला पाहिजे?" मी म्हणालो. "आपला लेफ्ट आऊट बघितलाव का? पळायलाय का चालायलाय तेच कळंना. आपण पैसे मोजायचे अन् ह्यानं दमायचं. हे बरं हाय!"

लेफ्ट आऊट म्हणजे डाव्या कडेनं बॉल घेऊन सुटणारा गडी. आमचा असा होता की अंगात दम असला तर त्याला अडवायची कुणाची छाती नव्हती. हल्ली मात्र पहिल्या अर्ध्यानंतर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा.

हॉटेलवाला कपबश्या विसळत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "आज सकाळपासून कुणाच्या अडतीवर होता त्यो?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण तो माझ्याच अडतीवर होता. आमच्या टोळीतला हमाल. सुगीचे दिवस, मुरुड-औशाकडून उजाडायच्या आत गाड्या लागायच्या. सकाळपासून मी पुकारलेलं पोतं न् पोतं त्यानंच पाठीवर घेतलं होतं आणि गोदामातल्या थप्पीवर चढवलं होतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण गंजातला हमाल आणि मैदानातला लेफ्ट आऊट ही दोन माणसं आहेत असंच मी धरून चालत होतो. खरं सांगतो, लाज वाटली मला.

लाज वाटलेला माणूस फार लवकर उदार होतो. फायनलला तीन दिवस होते. बैठकीत ठरलं की एवढे दिवस त्याला पोतं उचलू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टोळीच्या मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, "मला काय? तीन दिवस दुसरा गडी घेतो."

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तोच तेवढा खूश नव्हता. "मालक," तो मला म्हणाला, "तीन दिवसाची हमाली बुडंल ती बुडंल. पण टोळीतली जागा गेली तर? सुगीत गेलेली जागा परत मिळत न्हाई. घरी चार तोंडं हायती."

"कोण काढतंय तुला? मी बोललोय मुकादमाशी. तू नुसता झोप काढ."

हमाली भरून द्यायला वर्गणी काढू, असंही मी बैठकीत म्हणून बघितलं. फायनलच्या तिकिटाला चार आणे प्रत्येकाकडं होते. वर्गणीचं नाव काढल्याबरोबर ज्याला त्याला घरचं काम आठवलं. मीही पुन्हा विषय काढला नाही.

त्याला काही रिकामं बसता येईना. पहिल्या दिवशी गंजात येऊन लिंबाखाली बसला आणि नव्या गड्याकडं बघत राहिला. नवा गडी म्हणजे मुकादमाचा भाचा, हदगावाकडून आलेला, खांद्यानं रुंद. "अरं, घरी जाऊन लोळ की!" आम्ही ओरडायचो. मुनीम त्याला गूळ-शेंगदाणे द्यायचा. कारकुनानं तर पायाला लावायला तेल आणून दिलं. आमचं कौतुक उतू चाललं होतं. तिसऱ्या दिवशी तो दिसला नाही, तेव्हा आम्ही म्हणालो, चला, झोपला एकदाचा.

फायनल नांदेडच्या टीमशी होती. त्यांचे गडी उंच, बूट घातलेले. आमच्यातले निम्मे अनवाणी. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी तो जो सुटला! डाव्या कडेची धूळ खाली बसलीच नाही. पहिला गोल त्याच्या पासवर झाला, दुसरा त्यानं स्वतः मारला. शेवटची शिट्टी होईस्तोवर त्याचा हात कमरेला लागला नाही. मी ओरडून ओरडून घसा फोडून घेतला. चार आणे वसूल झाले, वर आठ आण्यांचा आनंद मिळाला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन गंजापर्यंत आणलं. मुकादमाला सांगून आपणच हे केलं, असं मी वाटेत भेटेल त्याला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कामावर आला. अंगावर नेहमीची बंडी, डोक्याला फडकं. मुकादम म्हणाला, "आठ गडी झाले टोळीत. नववा कुठं घालू?"

"माझी जागा हाय की ती."

"तीन दिवस कुठं होती? आता भाचा लागलाय कामाला. काढू कसा?"

तो वाद घालणाऱ्यातला नव्हताच. वळून माझ्याकडं बघायला लागला. मुकादमानंही विचारलं, "बोला मापाडी, तुमी काय सांगितलं व्हतं मला?"

आमच्या अडतीचे शेटजी गादीवर बसून ऐकत होते. सुगीच्या ऐन भरात, त्यांना न विचारता, खेळापायी मी गडी हलवला होता. आता खरं सांगितलं असतं तर माझ्यावर आलं असतं. तसे शेटजी कालच्या आनंदातच होते. खुर्चीत बसून त्यांनीही सामना बघितला होता. "काय पळालास रे काल!" ते त्याला म्हणाले. "पुढच्या सालीपण असंच पळायचं बघ!"

"व्हय मालक," तो म्हणाला, पण बघत राहिला माझ्याकडंच.

एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या सांगण्यावरनं तो घरी बसला, एवढंच. रोज दिवसभर पुकारा करणारा गळा माझा, कालपर्यंत मैदान दणाणून सोडणारा.

मी काट्याकडं बघितलं आणि म्हणालो, "पुढचं पोतं लावा."

हदगावच्या गड्यानं ते उचललं.