आजच्यापुरतं आडनाव

“हा ब्लाऊज घाल. लांब बाह्यांचा आहे. हातावरचं गोंदण दिसायला नको. आणि कुणी विचारलंच तर आडनाव कुलकर्णी सांग. आजच्यापुरतं.”

मुरबाडातल्या एका बंगल्याच्या मागल्या दारात बाईंनी मला हे सांगितलं. आत घ्यायच्या आधी.

मी ठाकरीण. सिद्धगडाच्या पायथ्याची आदिवासी वाडी माझी. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. लहानपणी आईनं धरून बसवलं होतं, मी रडत होते आणि ती म्हणत होती, “रडू नको गो, हेच मेल्यावर संगती येतं.” ते मी त्या दिवशी परक्या कापडात कोंबलं. नवरा पाय मोडून घरात पडलेला. दोन पोरी. काम सोडता येत नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी एका मंगल कार्यालयात रांधायची. तिथं बाईंनी माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली, आणि दुसरीकडून माझी जातही विचारून घेतली. तरी बोलावलं. मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं ठाण्याहून जेवायला यायची होती. अजून बोलणी पक्की नव्हती. जेवण झक्क पाहिजे होतं.

सकाळपासून रांधत होते. पुरण, कटाची आमटी, अळू, मसालेभात. चुलीसारखीच तापलेली ती खोली, त्यात तो ब्लाऊज. घसा सुकला. पिंपातलं पाणी घ्यायला पेला उचलला, तर बाई धावत आल्या.

“त्यातलं नको पिऊस! मागं नळ आहे.”

त्याच पिंपातलं पाणी मी आमटीत ओतलं होतं. ह्याच हातांनी. आमटी चालत होती. माझी तहान चालत नव्हती.

मी मागं गेले. ओंजळीनं पाणी प्याले. डोळ्यांना पाणी आलं ते तिथंच पुसलं आणि परत येऊन पोळ्या लाटायला बसले. बाह्या मात्र वर सारल्या. पोळी लाटताना मधे येत होत्या.

संध्याकाळी पाहुणे आले. हसण्याचे आवाज. पोळ्या कमी पडल्या, मी अजून केल्या. मग नवऱ्यामुलाची आजी ताट हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली. चांगली होती बोलायला. “असं पुरण माझ्या आईच्या हातचं खाल्लं होतं. कोण गं तू?”

बाई तिच्या मागोमाग. “कुलकर्णी आहेत. पुण्याकडच्या.”

आजीनं माझ्या हाताकडं बघितलं. मग बाईंकडं. मग माझ्याकडं.

मला फक्त मान हलवायची होती. तेवढंच. पण मान हलली नाय. सगळे माझं रांधलेलं खात होते आणि त्या घरात मीच नव्हते. पुण्याची कुणी बाई होती.

“नाय,” मी म्हटलं. “मी ठाकरीण. इथलीच. सिद्धगडाखालची.”

आजीनं ताट ओट्यावर ठेवलं. अर्धी पोळी तशीच. मोरीत गेली आणि चूळ भरली. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. बाहेर ऐकू गेलं असणार, खुर्च्या सरकल्या. एकेक उठला. नवरामुलगा तेवढा उठला नाय. मी दारातून बघत होते. तो खाली मान घालून जेवत राहिला. सगळं संपवलं. पण तोंडातून एक शब्द काढला नाय. उठून गेलेल्यांपेक्षा मला तोच जास्त आठवतो.

“माझ्या मुलीचं वाटोळं केलंस,” बाई म्हणाल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिचं मला वाईट वाटलं. पण ते मी केलं नव्हतं.

मग बाईंनी भरलेली पातेली माझ्याकडं ढकलली. “घेऊन जा हे सगळं वाडीत. तुम्ही खाल.”

मी सकाळपासून उपाशी. घरी पोरी वाट बघत असणार. पुरणाचा वास नाकात भरलेला.

“हे मी माणसांसाठी रांधलंय,” मी म्हटलं. “तुमी टाकलेलं उचलायला नाय आले.” त्यांचा ब्लाऊज उतरवून ओट्यावर टाकला, माझा चढवला आणि निघाले.

नवरा चिडला. “एक नाव सांगायला काय जात होतं तुझं?” कार्यालयातलं काम गेलं. त्यानंतरचा हिवाळा मी वीटभट्टीवर काढला. पोरींना पेज पाजली. पुरणाची आठवण यायची, खोटं नाय बोलत.

आता फार्महाऊसवाले येतात. गावरान जेवण पाहिजे असतं. “ताई, आमच्याकडं या ना रांधायला, घरचेच लोक आहेत.” मी नाय जात. कितीही गोड बोलले तरी नाय.

जेवायचं असेल तर वाडीत या. माझ्या अंगणात खाली बसा. मी वाढीन आणि तुमच्याच पंगतीला माझं पान मांडून जेवीन. नाय जमत? मग उपाशी जा.