काकांची तिथी

ब्याण्णवावं लागलं आणि वडिलांनी माझ्यामागे टुमणं लावलं, दादाची तिथी शोधून दे. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, माझा न पाहिलेला काका. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत गेला, सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याला पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावर धावपट्टी खणायच्या मजुरीला नेलं. तिथेच मेला. लष्कराच्या पत्रात बेटाचं नाव होतं, महिना आणि वर्ष होतं. दिवस नव्हता. त्यामुळे इतकी वर्षं त्याचं श्राद्ध सर्वपित्रीला, सगळ्या पितरांच्या घोळक्यात.

"मी गेल्यावर तेही कोणी करणार नाही," वडील म्हणाले. "एकदा तरी त्याचं त्याच्या दिवशी होऊ दे."

मी चौसष्टची, गुडघे कामातून गेलेले. वाघोलीहून बुधवार पेठ म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच. तरी गेले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या वर्षाचं पंचांग मागितलं, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "बाई, लोक चालू वर्षाचं बघत नाहीत." तंगडतोड करून घरी आले आणि गुरुजींना फोन केला, तर त्यांच्या मोबाइलमध्ये शंभर वर्षांचं पंचांग. तारीख तेवढी सांगा, म्हणाले. तारीखच तर नव्हती!

मग लेकीने एक वेबसाइट शोधून दिली. त्या युद्धाचा रोजचा वृत्तान्त, इंग्रजीत, हवेत काय झालं, जमिनीवर काय, समुद्रात काय. दुपारची भांडी आवरली की मी तो महिना वाचायला बसायची. अमक्या बंदरावर बॉम्ब, तमक्या धावपट्टीवर बॉम्ब, एक जहाज बुडवलं, एक विमान परतलं नाही. पहिले दोन दिवस वाचताना छातीत धडधडत होतं. आठव्या दिवसापर्यंत मला जांभया येऊ लागल्या, आणि त्याची लाजही वाटली. काकाच्या बेटाचं नाव जवळजवळ रोज होतं. कैद्यांचं नाव कुठेच नाही.

आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. बॉम्ब टाकणारी विमानं जपान्यांची नव्हती, आपल्या बाजूची होती. जी धावपट्टी काका उन्हात खणत होता, तिच्यावरच ती येत होती. वडिलांनी जन्मभर जपान्यांना शिव्या घातल्या, घरात जपानी टीव्ही येऊ दिला नाही. त्यांना आता हे काय सांगणार?

"सापडलं का?" ते रोज विचारायचे.

"वाचतेय."

त्या महिन्यात एकाच दिवशी लिहिलं होतं, बेटावर संततधार, उड्डाणं रद्द. मी तोच दिवस धरला. खरं सांगते, कंटाळले होते. आणि निदान त्या दिवशी तरी आपल्याच माणसांच्या हातून तो गेला नसता. गुरुजींनी कार्तिक वद्य षष्ठी काढून दिली. ती पुढच्याच आठवड्यात येत होती.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "कशानं गेला?"

हा प्रश्न मी हिशेबात धरलाच नव्हता.

"तापानं," मी म्हणाले.

"बॉम्ब नाही पडला?"

"नाही. पाऊस होता. विमानं आलीच नाहीत."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आपली चोरी पकडली.

"ताप आला की त्याला मेतकूट-भातच लागायचा," ते म्हणाले. "अगदी मऊ. बाकी काही घशाखाली उतरायचं नाही. त्या दिवशी वडे-खीर नको करूस."

"गुरुजी काय म्हणतील?"

"गुरुजींचा भाऊ आहे का तो?"

षष्ठीला मी भात गुरगुट्या केला, वर मेतकूट आणि साजूक तूप. पान वाढलं. वडील पुढे वाकले आणि भातावर फुंकर घालू लागले. श्राद्धाच्या पानावर कोणी फुंकर घालत नाही.

"कणकण आहे ना अजून?" वडील पानाशी म्हणाले. "जाईल तेवढंच खा, दादा."

मी आत जाऊन ओट्याला धरून रडले. तो ताप त्याला मीच दिला होता.