तारांवरची साखळी

वादळानंतर जनरेटर लावताना मी घराचा मेन स्विच बंद केला नाही, ही चूक माझीच.

माजलगावच्या आमच्या गल्लीत तारांवर पडलेला कडुलिंब तोडायला सगळे उत्साहानं जमले होते. वायरमन खांबावर चढला. हात लावण्याआधी त्यानं सवयीनं तारांवर वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी टाकली आणि जाळ उडाला. माझ्या जनरेटरची वीज उलटी तारेत शिरली होती.

"कुनाचं जनरेटर हाय बे? माझ्या बायकोला कुंकू लई आवडतं," तो वरून हसत ओरडला.

मी पळत जाऊन ते बंद केलं आणि पुन्हा गर्दीत मिसळलो.

तासाभरानं दिवे लागले, गल्लीभर शिट्ट्या झाल्या. चहा घेताना वायरमनच्या हातातली बशी वाजत होती. मला ते पाहवेना.

"दादा, जनरेटर माझं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "तुमचा जीव गेला असता. मला माफ करा."